टाळेबंदी : घरात काय झालं, दारात काय झालं

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती लागूही झाली. महाराष्ट्रात त्याआधीच संचारबंदी होती. पुण्यात ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण सापडले, १३ मार्चला साथरोग कायदा लागू झाला, २२ तारखेच्या जनता कर्फ्यूनंतर मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी थांबली आणि २३ तारखेला जिल्ह्यांच्या सीमा बंद करत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. त्या पाडव्याला कित्येक घरांत गुढीला साखरेची गाठी नव्हती. घरातल्याच साखरेवर भागवलं गेलं. २१ दिवस म्हणता म्हणता ती टाळेबंदी ३१ मेपर्यंत लांबली. जूनपासून ‘मिशन बिगिन अगेन’च्या नावाने ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ म्हणून पुन्हा आवळली गेली.

या काळाबद्दल भरपूर लिहून झालं आहे. रुग्णांचे आकडे, इस्पितळांची अवस्था, लसीचं राजकारण या सगळ्याची नोंद झाली. ‘घरीच राहा’ हा हुकूम घराने आणि शेजाराने प्रत्यक्षात कसा निभावला, याचा हिशोब मात्र विखुरलेला राहिला. तो एकत्र मांडला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हुकूम काढणाऱ्यांनी घर उंबऱ्यापाशी संपतं असं धरलं होतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांचं घर तिथे संपत नाही. ते गॅलरीत, नळावर, ओट्यावर, वाण्याच्या उधारीच्या वहीत आणि शेजारणीच्या हाकेत पसरलेलं असतं. टाळेबंदी जिथे तगली तिथे या बाहेरच्या अर्ध्या घराच्या जोरावर तगली आणि कोलमडली तीही ते तोडलं गेलं तिथेच.

घर किती मोठं?

राज्याने वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा होता आणि तो आला होता मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळे. त्या साथीत सरकारने सोजिरांना घराघरांत घुसवलं. पुण्यातल्या जाचाची परिणती प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या. दाट वस्ती हेच रोगाचं मूळ मानून सरकारने १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा न्यास स्थापन केला. वस्त्या पाडल्या गेल्या, रस्ते रुंद झाले, चाळी उभ्या राहिल्या. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या : १६० चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक व्हरांडा आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. सव्वाशे वर्षांनी त्याच कायद्याखाली लोकांना आत बसायला सांगितलं तेव्हा ‘आत’ म्हणजे अनेकांच्या वाट्याला एवढीच जागा होती.

एका खोलीत सहा-सात माणसं राहतात म्हणजे ती सगळी एकाच वेळी कधीच घरात नसतात. बाप रात्रपाळीला, पोरं सकाळच्या शाळेत, आजोबा कट्ट्यावर, थोरला मुलगा नाक्यावर अशी दिवसाची वाटणी झालेली असते. खोली पाळ्यांवर चालते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या पाळ्या एकदमच घरी आल्या. मग दुपारी झोपायचं कोणी, टीव्ही किती वाजेपर्यंत चालवायचा, मुलाचा ऑनलाइन वर्ग सुरू असताना कुकरची शिट्टी होऊ द्यायची की नाही, यावरून तंटे झाले. बायकांची दुपारची दोन-तीन तासांची एकटीची वेळ तर गेलीच. ती कधी कोणी मोजलेली नव्हती, त्यामुळे गेल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

घराच्या आकाराचा रोगाशी काय संबंध होता हे जुलै २०२० मधल्या मुंबईच्या रक्तचाचण्यांनी दाखवलं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत केलेल्या पाहणीत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. इमारतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. दाट वस्तीबरोबर सामाईक संडास आणि पाण्याच्या जागा हेही कारण असावं, असं पाहणी करणाऱ्यांनी म्हटलं. हुकूम दोघांनाही एकच होता, पण तो पाळण्याची सोय मुळात एकाच बाजूला होती. ज्याला सकाळी संडासासाठी रांगेत उभं राहायचं आहे, त्याने घरात राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उंबऱ्याच्या आत

टाळेबंदीतल्या घरकामावर तेव्हा बरेच विनोद फिरले. भांडी घासणारे नवरे, कणीक मळणारे साहेब, गोल पोळीचे फोटो. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी प्रसिद्ध झाली. ती २०१९ मधली, म्हणजे टाळेबंदीच्या आदल्या वर्षाची. सहा वर्षांवरच्या १०० स्त्रियांपैकी ८१ जणी दिवसभरात बिनमोल घरकाम करत होत्या. १०० पुरुषांत असे २६ होते. असं काम करणाऱ्या स्त्रीची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात, पुरुषाची ९७. टाळेबंदीचा भार या पायावर पडला.

भार वाढला तो सगळ्या बाजूंनी. ऑफिसचा डबा बंद झाला, पण घरात तिन्ही त्रिकाळ ताजं हवं झालं. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी यायच्या थांबल्या. पोळी-भाजी केंद्रं बंद, गिरणी ठरावीक वेळेलाच उघडी, त्यामुळे दळणाचा डबा घेऊन रांग लावायची. आणलेली भाजी मिठाच्या पाण्यात धुवायची, दुधाच्या पिशव्या पुसायच्या, बाहेरून आलेल्याचे कपडे बादलीत वेगळे भिजवायचे, ही रोजच्या कामात नवी भर पडली. पुरुषांनी हात लावला नाही असं नाही. पण लावला तो बहुधा हौसेच्या पदार्थाला, केक आणि पाणीपुरीला. रोज सकाळी नाश्त्याला काय, दुपारच्या भाजीचं काय, डाळ किती दिवस पुरेल, ही घोकणी बाईच्याच डोक्यात राहिली. मध्यमवर्गीय घरांत ती नोकरदार असेल तर त्याच वेळी ओट्याशेजारी लॅपटॉपही उघडा होता.

घर ही सुरक्षित जागा आहे हे दुसरं गृहीतक. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०२० मध्ये २३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, आदल्या कित्येक वर्षांपेक्षा जास्त. त्यांतल्या पाच हजारांवर घरगुती हिंसेच्या होत्या. मारणारा चोवीस तास समोर बसलेला असताना फोन कसा करायचा, म्हणून आयोगाने एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅप क्रमांक सुरू केला. पुणे जिल्हा परिषदेने वेगळा मार्ग काढला. बायकोला मारहाण करणाऱ्याला घरातून उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवू, असं तिने जाहीर केलं. तक्रारी हेरण्याचं काम गावपातळीवरच्या समित्यांकडे होतं. या उपायातलं शहाणपण असं की घर सोडायचं कोणी हा प्रश्न त्याने उलटा केला. एरवी पोरांना घेऊन माहेरी जाते ती बाई; टाळेबंदीत माहेरची वाट बंद होती आणि शेजारणीचं दारही. चाळीत किंवा वाड्यात भांडणाचा आवाज चढला की कोणीतरी दार वाजवतं, ‘काय चाललंय रे?’ म्हणतं. तो धाक टाळेबंदीने काढून घेतला.

मुलांची गोष्ट घरातली आणि दाराबाहेरची, दोन्हीकडची होती. १५ जूनला शाळा पडद्यावर सुरू झाल्या. ग्रामीण भारताच्या ‘असर’ अहवालानुसार शाळकरी मुलं असलेल्या घरांत स्मार्टफोन २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. फोन आला म्हणजे तो मुलाच्या हाती आला असं नव्हे; तो बापाबरोबर शेतावर किंवा कामावर जायचा. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. मुलं रस्त्यावरून जाता-येता गणितं वाचत. ‘असर’मध्येच असंही आढळलं की सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरातलं कोणी ना कोणी मदत करत होतं, आणि आई-वडील कमी शिकलेले असतील तिथे ती मदत थोरल्या भावंडांकडून व्हायची. शाळा बंद पडल्यावर शिकवणी ताईकडे आली. तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडला तर तो कोणी मोजला नाही.

दाराबाहेर : चाळ, सोसायटी, गाव

शेजाराचे या काळात तीन ढोबळ नमुने दिसले.

पहिला दाट वस्तीचा. धारावी जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची, लोकसंख्या आठ ते दहा लाख. तिथला पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला तेव्हा आता इथे काही खरं नाही, असंच बहुतेकांना वाटलं. तिथे ‘घरीच राहा’ चालणार नाही हे महापालिकेच्या जी-उत्तर प्रभाग कार्यालयाने लवकर ओळखलं. खाजगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर ताप तपासणं, शाळा, मंगल कार्यालयं आणि क्रीडासंकुलात विलगीकरणाची सोय करणं, सामाईक संडास दिवसातून अनेकदा धुणं, असा तो आराखडा होता. माणसाला त्याच्या खोलीत कोंडण्याऐवजी खोलीबाहेर चांगली जागा द्यायची, हे त्याचं मर्म. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. हे यश प्रशासनाचं होतंच, पण तापाचा माणूस कुठल्या गल्लीत आहे आणि कोणाच्या घरात सकाळपासून चूल पेटलेली नाही हे सांगणारे गल्लीतलेच होते.

दुसरा नमुना सोसायटीचा. इथे फाटकाशी एक टेबल आलं. त्यावर सॅनिटायझरची बाटली, ताप मोजायची बंदूक, दोरीला बांधलेलं पेन आणि एक वही. कुरिअरवाल्याने पार्सल टेबलावर ठेवायचं, वॉचमनने इंटरकॉम करायचा, घरमालकाने खाली येऊन हात न लावता पिशवीत घ्यायचं. भाजीचा टेम्पो बुधवारी आणि शनिवारी. इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर आदल्या रात्री यादी : ४०२ ला मेथी दोन जुड्या, ३०१ ला कांदे तीन किलो. कोकणातला हापूस त्या हंगामात बाजार समितीला वळसा घालून थेट सोसायट्यांच्या दारात उतरला. पेट्या वाटण्याचं काम सेक्रेटरीच्या मुलांनी केलं. ज्यांची मुलं परदेशी आहेत अशा वृद्धांची औषधं कोण आणणार, हेही याच गटावर ठरलं. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये फक्त मान हलवणाऱ्यांना एकमेकांची रक्तदाबाची गोळी कोणती ते कळलं.

त्याच टेबलाची दुसरी बाजूही होती. घरकामाच्या मावशींना प्रवेश बंद हे सोसायट्यांनी आपल्या अधिकारात ठरवलं आणि सरकारने निर्बंध सैल केल्यावरही कित्येकांनी फाटक उघडलं नाही. सरकारला सांगावं लागलं की असे स्वतःचे नियम करू नका. काहींनी महिनोन्‌महिने पूर्ण पगार दिला, काहींनी अर्धा, अनेकांनी एप्रिलनंतर काहीच नाही. नर्स किंवा डॉक्टर भाडेकरूंना खोली रिकामी करायला सांगितल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राला १८९७ च्या कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करावी लागली. जनता कर्फ्यूच्या सायंकाळी पाचला गॅलरीतून थाळ्या वाजवणारे आणि दवाखान्यातून परतलेल्या नर्सला जिन्यात अडवणारे कधीकधी एकाच इमारतीतले होते.

तिसरा नमुना गावाचा. मार्चअखेर अनेक गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, बैलगाडी आडवी लावली, आळीपाळीने पहारा बसवला. पुण्या-मुंबईहून आलेला पोटचा मुलगाही आधी शाळेच्या खोलीत चौदा दिवस. आई डबा आणून फाटकाशी ठेवायची आणि लांबूनच बोलायची. कोकणात हा पेच गणपतीत टोकाला गेला. ऑगस्टमध्ये सरकारने चाकरमान्यांसाठी विलगीकरण दहा दिवसांवर आणलं आणि एसटीने येणाऱ्यांना जिल्हा ओलांडायच्या ई-पासमधून सूट दिली. त्यासाठी १२ ऑगस्टपर्यंत गावात पोचावं लागणार होतं. वर्षभर ज्यांच्या मनिऑर्डरीवर घर चाललं त्यांच्यासाठीच वेस बंद, याची कडवटपणे चर्चा झाली. गावाची भीती खोटी नव्हती. जवळचं इस्पितळ चाळीस-पन्नास किलोमीटरवर असेल तर काट्या टाकणं हाच त्यांच्या हातातला उपाय होता.

ज्यांना शेजारच नव्हता

या तिन्ही नमुन्यांत न बसणारे लोक लाखोंनी होते. बांधकामावरचे, यंत्रमागावरचे, हॉटेलातले, भाड्याच्या खोलीत दहा-बारा जण राहणारे. त्यांचं घर गावी होतं, इथे केवळ झोपायची जागा. रेशनकार्ड गावच्या पत्त्यावरचं. एप्रिलपासून केंद्राने रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट दिलं, राज्याने केशरी कार्डावर ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिले, शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना केली. घरमालकांनी तीन महिने भाडं मागू नये असं गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला सांगितलं. या सगळ्याचा उपयोग झाला, पण पत्ता असलेल्यांना आधी. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढल्याचं कळताच वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ द्या म्हणून गर्दी उसळली. ८ मेच्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडले. ‘घरीच राहा’ हा हुकूम अक्षरशः पाळायला, म्हणजे स्वतःच्या घरी पोचायला निघालेले ते लोक होते.

सण आणि सुतक

शेजार म्हणजे मदत आणि पहारा एवढंच नाही. तो सुखदुःखाचा साक्षीदारही असतो. लग्नाला ५० माणसं आणि अंत्यविधीला २० असा नियम झाला. लग्नाचं निभावलं. याद्या लहान झाल्या, खर्च वाचला, कित्येक वधूपित्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मरणाचं निभावलं नाही. खांद्याला माणसं नाहीत, दहाव्याला कोणी नाही, शेजारून येणारा पिठलं-भाताचा डबा नाही, समोर येऊन बसणारं कोणी नाही. दुसऱ्या लाटेत तर एकाच घरातली दोन-तीन माणसं आठवड्याभरात गेली आणि उरलेला माणूस विलगीकरणात एकटा होता. या राहून गेलेल्या भेटी नंतर कोणी पूर्ण केल्या नाहीत.

सणांनी मात्र वाट काढली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आषाढीला एसटीने पंढरपूरला गेल्या. सार्वजनिक गणेशमूर्ती चार फुटांवर आणि घरगुती दोन फुटांवर आणली गेली. लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला आणि रक्तदान, प्लाझ्मादान घेतलं. मंडळांची खरी कामगिरी यापेक्षा शांत होती. वर्गणीच्या पावत्या फाडत घरोघर फिरणाऱ्या पोरांना प्रत्येक घराची परिस्थिती ठाऊक असते. धान्याच्या पिशव्या कुठे द्यायच्या आणि कोणाच्या दारात गाजावाजा न करता ठेवायच्या, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

सरकार हळूहळू शेजाराकडे आलं

धोरणाचा प्रवास पाहिला तर राज्यकर्त्यांनाही हे उमगत गेल्याचं दिसतं. सप्टेंबर २०२० च्या मोहिमेचं नाव होतं ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. आशा सेविका आणि पथकं घरोघर गेली. एप्रिल २०२१ च्या आदेशात एकक बदललं. पाचहून अधिक रुग्ण असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र, नियम मोडले तर सोसायटीलाच दहा हजार दंड, पुन्हा मोडले तर वीस हजार. नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर झाले. नोंदणी नसलेल्या असंख्य जणी बाहेर राहिल्या. मे महिन्यात हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त करून दाखवलं. पुढच्या महिन्यात सरकारने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा काढली आणि प्रत्येक महसुली विभागात ५०, २५ आणि १५ लाखांची बक्षिसं ठेवली. कुटुंबाकडून सोसायटीकडे आणि गावाकडे यायला सरकारला सात ते नऊ महिने लागले. शेजारच्या गोव्यात तर पहिल्या टाळेबंदीच्या सुरुवातीला किराण्याची दुकानंही बंद ठेवून घरपोच पुरवठ्याचा प्रयत्न झाला. तो अपुरा पडला आणि दुकानं उघडावी लागली. कोपऱ्यावरच्या वाण्याची जागा यंत्रणेला घेता येत नाही, हा धडा तिथे काही दिवसांतच मिळाला.

शेजाराचं कौतुक करताना एक सावधगिरी हवी. जो शेजार डबा देतो तोच बहिष्कारही घालतो, आणि आपल्याकडे तो जात, धर्म, भाडेकरू-मालक असं बघून घालतो. एप्रिल २०२० मध्ये मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देण्याचे प्रकार शेजारानेच केले. म्हणून सगळं शेजारावर सोपवून सरकारने हात झटकणं हा यातून निघणारा निष्कर्ष नव्हे. पुढची साथ येईल तेव्हा योजनेच्या पहिल्याच पानावर वस्तीतले नळ, संडास आणि रिकाम्या शाळाखोल्या मोजलेल्या हव्यात. घरकाम करणाऱ्या प्रत्येकीची नोंद आणि तिच्या पगाराची हमी हवी, पत्ता कुठलाही असो रेशन जिथे माणूस आहे तिथे मिळायला हवं, मारहाण झालेल्या बाईला शेजारी जायची परवानगी लेखी नियमात हवी, आणि फाटकावर कोणाला अडवायचं हे सेक्रेटरीच्या मर्जीवर नसावं. ही कामं साथ नसतानाच करायची आहेत. त्यांतलं एकही अवघड शास्त्र नाही. प्रभाग कार्यालय आणि ग्रामपंचायत यांनी एका पावसाळ्यात उरकावं एवढंच ते आहे.